कागद भरला, मांडणी रिकामी

दर वर्षी एक जूनला सकाळी सात वाजल्यापासून माझा मोबाईल वाजू लागतो. बँक, विमा कंपनी, चष्म्याचे दुकान, आणि जिथून मी आयुष्यात एकदाच एक पंखा घेतला ते विजेच्या सामानाचे दुकान, असे सगळे मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. चष्मेवाला तर वर सवलतही देऊ करतो. घरात मात्र त्या दिवशी कोणी औक्षण करीत नाही, की गोडाधोडाचे करीत नाही. कारण माझा जन्म एक जूनचा नाहीच. आई सांगायची त्याप्रमाणे मी भाद्रपदातला, गौरी जेवल्या त्या दिवशीचा. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा वडील म्हणाले, "तुम्हीच लिहा गुरुजी, सोयीची बघून." जूनमध्ये शाळा भरणार, तोवर पोराला सहा वर्षे पुरी झालेली दिसली पाहिजेत. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि एक जून लिहून टाकले. माझ्या पिढीतल्या अनेक वाचकांना ही हकिगत स्वतःचीच वाटेल. सरकारी कचेऱ्यांतून एकतीस मे या एकाच दिवशी इतकी माणसे हार-तुरे घेऊन घरी का येतात, याचे उत्तरही त्या दौतीतच आहे.

गुरुजींनी कोणाला फसवले नाही. त्यांना रकाना भरायचा होता, तो त्यांनी भरला. पण साठ वर्षे झाली तरी ती तारीख माझ्या मागे फिरते आहे आणि तिच्या भरवशावर दुकानदार मला सवलती देत आहेत. आता ज्याला सगळे जण 'डेटा' म्हणतात, त्याला आमच्या वेळी नुसते 'नोंद' म्हणत. शब्द बदलला, यंत्रे बदलली. पण नोंद खरी का होते आणि खोटी का होते, याची कारणे मात्र फारशी बदललेली नाहीत, असे माझे मत आहे. ते मत मी पुस्तके वाचून बनवलेले नाही. त्याची किंमत मोजली गेली आहे. फक्त ती मी मोजली नाही, दुसऱ्यांनी मोजली.

या विषयावर लिहायला निमित्त झाले माझ्या पुतण्याचे. नाशिककडे त्याची किराणा मालाची घाऊक एजन्सी आहे. गेल्या दिवाळीत आला तो मोठ्या उत्साहात. नवी संगणकप्रणाली घेतली होती. "काका, आता अंदाजपंचे काही नाही. कुठल्या गावाला किती बिस्किटे लागणार, कुठला साबण कधी मागवायचा, सगळे मशीनच सांगणार."

मी विचारले, "आत जाणारे आकडे कोण लिहितो?"

"आपली गोदामातली पोरं."

"आणि मोजणीत खोकी कमी भरली तर?"

"तर पगारातून कापतो. त्याशिवाय शिस्त कशी लागणार?"

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुधाची चौकट

माझी आई चौथी शिकलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका लटकत असे आणि तिच्या दोरीलाच पेन्सिलीचा एक तुकडा बांधलेला असे. दूध आले की त्या तारखेच्या चौकटीत 'एक' किंवा 'दीड' लिहायचे, आले नाही तर फुली मारायची. गवळी दारातून बघत असे. महिनाअखेरीला दोघे त्या भिंतीसमोर उभे राहत आणि दोन मिनिटांत हिशेब पुरा होई. इतक्या वर्षांत तंटा झालेला मला आठवत नाही.

कधी चुकून 'दीड'च्या जागी 'एक' लिहिले गेले, तर आई ते खोडरबराने पुसत नसे. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी खरा आकडा लिही. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "पुसलं की त्याला वाटेल मागाहून बदललं." व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांतही हीच रीत होती. चूक झाली तर ती दिसू द्यायची. गिरवायचे नाही, खरवडायचे नाही.

आईची नोंद चोख का होती, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दूध पाहणारी तीच, लिहिणारी तीच, आणि पैसे देणारीही तीच. लिहिण्यात दिरंगाई नव्हती. पातेले ओट्यावर ठेवण्याआधी पेन्सिल हातात येई. नोंद चुकली तर फटका तिच्याच पर्समध्ये बसणार होता. शिवाय समोर साक्षीदार होता. त्या एका चौकटीभोवती सगळे जमलेले होते.

आता कुठल्याही कंपनीत बघा. माल एक जण पाहतो, दुसरा लिहितो, तिसरा संगणकात भरतो, चौथा बेरीज करतो, पाचवा लांबच्या शहरात बसून निर्णय घेतो आणि त्याचे भोग सहाव्याच्या वाट्याला येतात. या सहा जणांची एकमेकांशी गाठही पडत नाही. ज्याने लिहिले त्याला आपल्या आकड्याचे पुढे काय झाले ते कधी कळत नाही. ज्याने निर्णय घेतला त्याला आकडा कोणी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत लिहिला ते ठाऊक नसते.

अडतीस खोकी

आता माझी गोष्ट सांगतो. मी नोकरीची बहुतेक वर्षे औषधांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीत काढली. १९९४ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी तिचा डेपो होता आणि मी तिथे साठ्याचा कारकून होतो. नुकताच संगणक आला होता. दर शनिवारी साठ्याचे आकडे भरून फ्लॉपी मुंबईला जाई आणि कोणत्या डेपोला कोणता माल किती पाठवायचा हे तिथे ठरे.

त्या मार्चअखेरच्या मोजणीत जलसंजीवनीच्या पाकिटांची अडतीस खोकी कमी भरली. वहीत होती, मांडणीवर नव्हती. आमच्याकडे परिपत्रक होते की साठ्यात तूट आढळल्यास ती संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल केली जाईल. आदल्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचा पगार असा कापला गेलेला मी पाहिला होता. अडतीस खोक्यांची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. घरात मुलगी लहान होती, घरभाडे होते.

मोजणीला माझ्याबरोबर गोदामातले एक वयस्क सहकारी होते. त्यांना सगळे मामा म्हणत. मी मोजणीच्या तक्त्यावर वहीतलाच आकडा उतरवला आणि सही केली. मामांनी तक्त्याकडे पाहिले, मग मांडणीकडे पाहिले आणि म्हणाले, "कागुद भरला, भाऊसाहेब. पण मांडणी रिकामीच हाय की."

मी म्हटले, "बघू पुढे. सापडतील कुठे तरी."

ताळा जमला. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या तीन महिन्यांत काही बिघडले नाही, आणि मला वाटले, जिरले.

पावसाळा सुरू झाला. दर वर्षीप्रमाणे जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले आणि तालुक्यातले औषधविक्रेते जलसंजीवनी मागू लागले. उरलीसुरली पाकिटे चार दिवसांत संपली. मुंबईचा संगणक मात्र सांगत होता की या डेपोत अजून अडतीस खोकी पडून आहेत; तेव्हा नवा माल पाठवण्याचे कारण नाही. तो संगणक चुकत नव्हता. मी त्याला जे सांगितले होते त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बिनचूक होता. मला फक्त एक फोन करायचा होता. पण माल नाही हे कळवायचे, तर मार्चमधली माझी सही खोटी होती हेही कळवावे लागणार होते. दूरच्या गावचा एक विक्रेता एसटीने दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला. दुसऱ्या खेपेला तो मला काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शेजारच्या डेपोतून उसना माल आणेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत कुठल्या घरात काय झाले ते मला कळले नाही, आणि चौकशी करण्याचे धैर्यही झाले नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरे होते. पण आकड्याला आयुष्य असते. डेपोत माल पडून आहे आणि विक्री मात्र होत नाही, असे चित्र वरच्या कागदांवर उमटले. जे विकायला नव्हतेच ते विकले गेले नाही, याचा अर्थ 'या भागात मागणी नाही' असा लावला गेला. पुढल्या वर्षी आमचा वाटा कमी झाला. माल कमी, म्हणून विक्री कमी. विक्री कमी, म्हणून माल आणखी कमी. १९९६ मध्ये डेपो बंद करण्याचा निर्णय झाला. माझ्या एका आकड्यामुळेच तो झाला असे मी म्हणणार नाही. जागेचे भाडे, रस्ते, इतर कारणे होतीच. पण ज्या फायलीच्या आधारे निर्णय झाला, तिच्यात माझा आकडा होता. आणि गोदामातल्या इतर तक्त्यांवर सह्या करणारे माझ्यासारखेच होते, त्यांनाही पगार होता आणि तेच परिपत्रक होते.

मामा आणि आणखी दोघे घरी बसले. मला पुण्याला बढतीवर नेले. कारण माझ्या नोंदी चोख होत्या.

डेपो आवरताना लोखंडी कपाटाच्या खणात, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक चलन सापडले. फेब्रुवारी १९९४ मध्ये एका रात्री निकड म्हणून टेम्पोने शेजारच्या डेपोला पाठवलेल्या अडतीस खोक्यांचे. नोंद करायची राहून गेली होती. चोरी नव्हती, अफरातफर नव्हती. तूट उघड मांडली असती तर तासाभरात छडा लागला असता. तिकडच्या कारकुनाला अडतीस खोकी जास्त भरली असणार. पण कंपनीत वाढही तुटीइतकीच संशयास्पद मानली जाई, त्यामुळे त्यानेही बहुधा माझ्यासारखेच केले असावे. दोन माणसे दोन गावी एकच सत्य दडवून बसली होती, आणि दोघांनाही तेवढीच भीती होती.

कॅनडातल्या रिकाम्या फळ्या

मला पुष्कळ वर्षे वाटे की हा आपल्याकडचा, जुन्या पद्धतीचा दोष. अमेरिकेतल्या अवाढव्य कंपन्यांत असे होत नसणार. मग टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीची कॅनडातली कहाणी वाचनात आली. मार्च २०१३ मध्ये तिने तिथे पहिली दुकाने उघडली, बघता बघता ती १३३ वर नेली, आणि जानेवारी २०१५ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. साडेसतरा हजारांवर माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

अपयशाला कारणे अनेक होती. घाई होती, किमतींबाबत ग्राहकांची निराशा होती. पण २०१६ मध्ये कॅनडातल्या एका व्यवसायविषयक नियतकालिकाने आतल्या माणसांशी बोलून जे लिहिले, त्यात नोंदींचा भाग मोठा होता. नव्या संगणकप्रणालीत हजारो वस्तूंची माहिती थोड्या दिवसांत भरायची होती आणि ती भरणारी बरीचशी मुले नवखी होती. कुठे इंच आणि सेंटिमीटर यांची गल्लत झाली, कुठे लांबीच्या जागी रुंदी पडली. कागदावर मावणारा माल फळीवर मावेना. गोदामे ओसंडून वाहत होती आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत्या.

त्यातली एक बाब वाचताना मी थबकलो. माल संपला की आपोआप नवा मागवण्याची सोय प्रणालीत होती. काही कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की एखाद्या वस्तूपुरती ती सोय बंद केली, तर ती वस्तू 'संपलेली' म्हणून अहवालात दिसतच नाही. माल कधी संपू न देण्यावर त्यांच्या कामाची पारख होत होती. तेव्हा त्यांनी कळ बंद केली. अहवाल स्वच्छ झाला. फळी रिकामीच राहिली.

मामा तिथे असते तर त्यांनी काय म्हटले असते ते मला सांगता येईल.

काठावरचे रोप

भीतीने खोटी नोंद होते हे खरे. पण प्रामाणिक माणसाच्या हातूनही आकडा कसा वाकतो याचे उत्तम उदाहरण आपल्याच माणसाने दाखवून दिलेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले. त्याआधी दिल्लीत असताना १९४० च्या दशकात त्यांनी पिकांचे उत्पादन मोजण्याच्या पद्धतीवर काम केले. तोवर उत्पादनाचा अंदाज बव्हंशी नजरेने होई. त्याऐवजी काही शेते चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडायची, प्रत्येकात एक तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या भागाचे उत्पादन काढायचे, ही 'पीक कापणी प्रयोगा'ची रीत.

तुकडा केवढा असावा यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकडा स्वस्त, झटपट. सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघते. असे का? चार फूट बाजूचा चौकोन घ्या. त्याचे क्षेत्रफळ सोळा चौरस फूट आणि कडाही सोळाच फूट. चाळीस फूट बाजूचा घेतला तर क्षेत्रफळ सोळाशे चौरस फूट, आणि कडा एकशे साठ फूट. म्हणजे लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने काठ दहापट. आणि घोटाळा काठावरच होतो. दोरीवर उभे असलेले रोप आतले की बाहेरचे? विळा हातात असलेल्या माणसाला भरलेले कणीस सोडवत नाही. तो ते आत ओढतो. त्याला कोणी लाच दिलेली नसते. हातच तसा वळतो.

हा वाद तेव्हा दोन विद्वानांमधला वाटला असेल. पण पीकविम्याच्या भरपाईत कापणी प्रयोगांच्या आकड्यांना आजही मोठे स्थान आहे. काठावरची चार रोपे आत आली की उत्पादन वाढलेले दिसते, आणि ज्याचे पीक बुडाले त्या शेतकऱ्याची भरपाई घटते. दोरी कुठून जाते, याला इतके महत्त्व आहे.

सुखात्म्यांचा मोठेपणा मला यात वाटतो, की त्यांनी मोजणाऱ्या माणसाला दोष दिला नाही. माणूस असा वागणार हे धरून त्यांनी मोजण्याची रीतच सुधारायला सांगितली.

चौकीदाराची बाजू

याउलट वागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोसाया स्टँप या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात हिंदुस्थानातली एक आठवण दिली आहे. सरकारी आकडेवारीवर भिस्त ठेवणाऱ्या एका तरुणाला एका न्यायाधीशाने समजावले की, सरकार आकड्यांच्या बेरजा, वर्गमुळे-घनमुळे काही काढो. मुळात प्रत्येक आकडा खेड्यातला चौकीदार मनाला येईल तसा लिहीत असतो. आकडेवारीच्या व्याख्यानांतून हा किस्सा आजही सांगतात आणि लोक हसतात.

मला त्यावर हसू येत नाही. त्या चौकीदाराला पगार काय होता? तो आकडा कशासाठी हवा आहे, हे त्याला कोणी सांगितले होते का? त्याने खरे लिहिले असते तर त्याचे भले झाले असते की वरून चौकशी आली असती? हे प्रश्न त्या किश्श्यात कुणीच विचारत नाही. साऱ्या साम्राज्याची आकडेवारी ज्याच्या लेखणीवर उभी, तो हसण्याचा विषय. आणि त्याच्याकडून आलेल्या आकड्यांच्या बेरजा करणारे मात्र शहाणे!

आज चौकीदाराच्या जागी दुकानातला पोऱ्या आहे. परवा साडीच्या दुकानात पाहिले. ग्राहकाचा मोबाईल क्रमांक भरल्याखेरीज बिल निघत नाही, अशी मालकाने व्यवस्था केलेली. रांग वाढलेली, पुढच्या बाई नंबर द्यायला तयार नाहीत. मुलाने शांतपणे दहा वेळा नऊ दाबले आणि बिल काढले. त्या दुकानाच्या संगणकात एक अशी गिऱ्हाईक असणार, की जी दिवसातून चाळीस वेळा साड्या घेते. वर्षअखेरीला कोणी तरी तज्ज्ञ तिचा अभ्यास करील आणि तिला वाढदिवसाची सवलतही देईल. सक्तीचा रकाना भरला जातो, पण खरा भरला जाईलच असे नाही, हे माझ्या गुरुजींनी साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

माझे हे म्हणणे एका मित्राच्या मुलाला पटले नाही. तो पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. तो म्हणाला, "काका, आता चुका मशीनच पकडते. एकच माणूस दोनदा नोंदला असेल, पिनकोड पाच आकडी असेल, तारीख बत्तीस असेल, दहा नऊ असतील, सगळे बाजूला काढते." त्याचे खरे आहे, आणि ही सोय मोठी आहे. आमच्या वेळी असती तर आम्ही कित्येक रात्री वाचवल्या असत्या. पण मी त्याला विचारले, "अडतीस हा आकडा तुझ्या मशीनला खटकला असता का?" तो विचार करून म्हणाला, "नाही. अडतीसमध्ये काही वावगे नाही." तेच तर. वेडावाकडा आकडा यंत्र पकडते. शहाण्यासारखा दिसणारा खोटा आकडा पकडायला मांडणीपाशी जावे लागते, आणि मांडणीपाशी रोज जाणारा माणूस गप्प बसवलेला असतो.

म्हणून व्यवसाय लहान असो वा मोठा, नोंदी सुधारायच्या तर खर्चाच्या आधी काही साध्या गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. जिथे माल, तिथेच आणि त्याच वेळी लिहावे. संध्याकाळी आठवून नव्हे. उपयोग नसेल तो रकाना काढून टाकावा. दहा रकाने खोटे भरून घेण्यापेक्षा तीन खरे बरे. प्रत्येक आकड्याला एक धनी असावा, 'हा आकडा कोणाचा' याचे उत्तर एका नावाने देता यावे. चूक सुधारली तर जुना आकडा दिसत राहावा, आईच्या आडव्या रेघेसारखा. लिहिणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी दाखवावे की तुझ्या आकड्यावरून आम्ही काय ठरवले. आणि निर्णय घेणाऱ्याने अधूनमधून खुर्चीवरून उठून स्वतः चार खोकी मोजावीत. यातल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही. मात्र मान खाली घालून ऐकण्याची तयारी लागते, आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

चोरी होऊ द्यावी, असे मी म्हणत नाही. चोराला शिक्षा झालीच पाहिजे. पण तूट दाखवणारा आणि तूट करणारा हे दोघे एकच, असे धरून चालणारी शिस्त चोराला अडवत नाही. ती फक्त दाखवणाऱ्याला अडवते. चोर तर कागद आधीच भरून ठेवतो.

पहिले वाक्य

त्या रात्रीनंतर सकाळी चहाच्या वेळी मी पुतण्याला अडतीस खोक्यांची गोष्ट सांगितली. घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोनेही ती पहिल्यांदाच ऐकली. पुतण्या बराच वेळ कपाशी चाळा करीत राहिला. जाताना म्हणाला, "तीन महिने कापाकापी थांबवून बघतो."

महिन्याभराने त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, पोरांनी मोजणी केली. वर्षभरात दाखवली नसेल एवढी तफावत एका मोजणीत निघाली. तुमचे ऐकून तर नुकसान वाढले!"

मी म्हटले, "वाढले नाही रे. ते होतेच, आता दिसायला लागले. तू पोरांना काय म्हणालास?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "अजून काही नाही. सगळी खाली उभी आहेत. आधी तुम्हाला फोन केला."

तिथे काय बोलायचे ते मी त्याला सांगितले नाही. तो त्याचा धंदा आहे आणि पोरे त्याची आहेत. मी एवढेच म्हटले, की जिना उतरून गेल्यावर तुझ्या तोंडून जे पहिले वाक्य निघेल, त्यावरून पुढली दहा वर्षे तुझ्या संगणकात काय भरले जाईल ते ठरणार आहे. तेव्हा सावकाश उतर.